खिळ्यावरचा बिल्ला

थोरल्याची पाठ धरली ती नेमकी नको त्या दिवशी. आदल्या पाळीला बोगद्यात लोखंडी कमान उचलताना चिखलात पाय सटकला, तेव्हा नुसतं कमरेत कच्चकन झालं होतं. घरी आला, जेवला, झोपला. सकाळी उठायला गेला तर कंबर जागची हलेना. त्याच्या बायकोने, थोरलीने, काखेत हात घालून त्याला बसवलं, तेव्हा एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा कळवळला.

"आज जाऊ नका," ती म्हणाली.

"न जाऊन सांगू काय? भोंगा काय म्हणाला माहितीये ना? पाठदुखी, पोटदुखी, सासूचं आजारपण, सगळं बोगद्याच्या तोंडाशी ठेवून आत यायचं. आता एक खाडा झाला की माझा बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात."

भोंगा म्हणजे बोगद्यावरचा मुकादम. त्याने कुणाच्या कानात काही सांगितलं तरी ते पलीकडच्या वाडीला ऐकू जायचं, म्हणून हे नाव. माणूस तसा वाईट नव्हता. पण बोलला की करायचा, हीच पंचाईत.

बोगदा होत होता तो घरामागच्याच डोंगरातून. पूर्वी सगळी वाडी त्या डोंगरावर शेळ्या चारायची. मग डोंगर राष्ट्रीय उद्यानात गेला, कुंपण आलं, चराई बंद झाली. मग उद्यानातल्या रस्त्यावर जनावरं गाड्यांखाली मरायला लागली, तेव्हा असं ठरलं की जनावरांनी वरून जावं आणि गाड्यांनी डोंगराच्या पोटातून. वाडीतल्या माणसांनी कुठून जावं, हे काही कुणी ठरवलं नाही. तेव्हा ती बोगद्यात कामाला गेली. डोंगराच्या अंगावर चढायला बंदी, पण पोटात शिरायला पगार, असं थोरला हसत हसत सांगायचा. आज त्याला हसू येत नव्हतं.

धाकटा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यालाही बोगद्यावर जायचं होतं, पण तपासणीत डॉक्टरांनी नकार दिला. त्याला लहानपणापासून फिट यायची. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली तर ठीक, चुकली तर जिथे असेल तिथे आडवा. म्हणून तो घरच्या शेळ्या सांभाळायचा. शेळ्या आता अंगणातच बांधलेल्या असायच्या, तरी हा पठ्ठ्या रोज दिवस कलला की डोंगराकडे तोंड करून सवयीने त्यांना हाका मारायचा. ये चांदी, ये बुटके, ये कानतुटे, ये भांडखोरे, आणि सगळ्यात शेवटी, दम घेऊन, ये लंगडे. शेळ्या पाठीमागून त्याच्याकडे बघत राहायच्या आणि घर हसायचं.

"दादा, मी जातो," धाकटा म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"वेडा असतो तर विचारलं नसतं. तुझे कपडे, तुझं हेल्मेट, तोंडाला फडकं. आत गेलं की सगळेच भूत. आणि एकाच्या बिल्ल्यावर दुसरा जातो, हे काय आज नवीन आहे?"

नवीन नव्हतं. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा, असा नियम होता. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत. पण अडल्यानडल्याला भावाच्या बिल्ल्यावर भाऊ, मेव्हण्याच्या बिल्ल्यावर मेव्हणा जायचा आणि तुकडीतले गडी ते पोटात ठेवायचे. आज त्याचं, उद्या आपलं.

थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. नाही म्हणाला नाही. खुंटीवरचा बिल्ला काढून धाकट्याच्या हातात दिला तो थोरलीने. नंतर तिला सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलं.

"गोळी घेतलीत का भावजी?"

"घेतो की वाटेत. खिशातच आहे. आणि वहिनी, हिला सांगू नका हं. पलीकडच्या गावाला बोकड बघायला गेलो म्हणा. कळलं तर ही बोगद्याच्या तोंडाशी येऊन माझी कॉलर धरेल."

हे खरंच होतं. धाकटी, त्याची बायको, तेवढ्यात झऱ्यावर गेली होती म्हणून बरं. सासू आतल्या चुलीपाशी होती. तिला थोरलीने एवढंच सांगितलं, की ह्यांनी रजा घेतलीय, पण लोकांना दिसायला नको, म्हणून मागच्या गोठ्यात पोत्यावर पडून राहतील. म्हातारीने फार विचारलं नाही. पाठ शेकायला वीट तापवून तेवढी दिली.

बोगदा झऱ्याखालून पुढे सरकला तसा झरा बारीक झाला होता. पूर्वी घागर लावून वळेपर्यंत भरायची. आता वाटीने भरावी लागे. थोरली गेली तेव्हा धाकटी तिथेच उकिडवी बसून होती, पदर खोचून, तोंडाचा पट्टा चालू.

"या ताई. बसा. म्हातारपणापर्यंत भरेल एक घागर. दादा गेले कामाला?"

"गेले," थोरली म्हणाली. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप तोंडात येतं. "आणि भावजी बोकड बघायला गेलेत."

"बघितलंत? सकाळी मला चकार शब्द नाही. आणि मघाशी धुणं न्यायला घरी गेले, तर शर्ट खुंटीला टांगलेला होता की. मग कोणता घालून गेले?"

थोरलीच्या हातातली वाटी पाण्यात पडली.

"शर्ट खुंटीलाच?"

"हो ना. धुवायला घेतला तर खिशात गोळ्यांची पट्टी." धाकटीने पदराची गाठ दाखवली. "ही बघा. म्हटलं वाटेत कुठे भेटले तर घशात कोंबते. सकाळची गोळी गेली ताई. संध्याकाळच्या आत नाही आले तर काय करायचं? विसरभोळा माणूस. डोकं धडावर आहे म्हणून बरं, नाहीतर तेही खुंटीला टांगून गेला असता."

थोरलीला हसता येईना. धाकटा थोरल्याचा शर्ट घालून गेला होता. स्वतःचा शर्ट काढताना गोळ्या त्यात राहिल्या हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि तिच्याही नाही. बोगद्यावर जाऊन निरोप द्यावा तर भोंग्याला कळणार. न द्यावा तर आत अंधारात, यंत्रांच्या मध्ये फिट आली तर काय? पाळी संपेपर्यंत निभेल, निभेल, असं ती मनाशी घोकत राहिली आणि वाटीवाटीने घागर भरत राहिली.

तेवढ्यात भोंगा वाजला. मुकादम नव्हे, खरा भोंगा.

सुरुंग लावण्याआधी तो तीनदा तुटक वाजायचा. त्याची शेळ्यांनाही सवय झाली होती. हा तुटेचना. एकसारखा, लांब, गळा काढल्यासारखा वाजत राहिला. झऱ्यावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. खाली वाडीत दारं उघडली. डोंगर जसाच्या तसा उभा होता, वर ऊन होतं, पाखरं उडत होती. वरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटलंच नसतं.

"ताई, दादा," धाकटी म्हणाली आणि तिने थोरलीचा हात घट्ट धरला.

घागरी तिथेच राहिल्या.

बोगद्यावरचा हजेरीवाला मोटारसायकलवरून आला तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. तरुण माणूस, घामाने चिंब, खाली बघत बोलला, "आत दरड आली. तुकडी पलीकडे अडकलीय. फळीवर जे बिल्ले आहेत त्यांच्या घरी सांगत फिरतोय. तुमचा थोरला आत आहे."

"अरे, तो तर..." म्हातारी म्हणाली.

थोरलीने तिचं मनगट असं दाबलं की म्हातारीचं वाक्य तिथेच मोडलं. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग नकळत गोठ्याकडे. तिच्या तोंडावर क्षणभर सुटकेचा भाव आला. आपला आत नाही, कुणाचा तरी दुसऱ्याचा आहे. तिने पटकन पदर तोंडाला लावला, पण थोरलीने तो भाव पाहिला होता.

"जिवंत आहेत का?" धाकटीने विचारलं.

"अजून कळलं नाही. हवेचा पाइप दरडीतून आरपार आहे. तो मोकळा करून बघतायत."

तो गेला आणि बायकांनी थोरलीला मधे घेतलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. धाकटी तर तिला सोडेना. तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन बसली.

"रडा ताई. मोकळं रडा. दादा धट्टेकट्टे आहेत, बाहेर येतील बघा. निदान दादांना काही आजार नाही. तेवढं तरी देवाने बरं केलं. यांच्यासारखं असतं तर मी तर इथेच मेले असते."

थोरली रडत होती ते खरंच. बायका म्हणत होत्या, नवऱ्यासाठी रडतेय. त्या खांद्यावर डोकं ठेवून रडणं म्हणजे चोरी होती, आणि जिचं चोरलं तीच डोळे पुसत होती. तिला तिथे बसवेना. शेळ्यांना पाणी दाखवून येते म्हणून ती उठली आणि गोठ्यात शिरली.

थोरला पोत्यावर पालथा पडला होता. भोंगा त्यानेही ऐकला होता. अंगणातलं सगळं ऐकलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "जाऊन सांगा."

"काढतील. त्याला काढला की घरी आणू. कुणाला कळणार नाही. आत्ता सांगितलं तर काम गेलंच, वर पोलीस."

"त्यांच्या पोटात सकाळची गोळी नाही."

थोरल्याने मान वर केली.

"गोळ्या शर्टात राहिल्या. धाकटीच्या पदराला आहेत. पाइपातून आतल्यांना औषध पाठवतील ते कुणाचं? तुमचं! पाठीला लावायचं मलम पाठवतील!"

त्याने तोंडात पोत्याचं टोक धरलं आणि हमसून हमसून रडायला लागला. "मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड फिरवलं मी. तोंड फिरवलं."

दारात सावली पडली. म्हातारी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आली, थोरल्याच्या उशाशी बसली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मघाशी मला बरं वाटलं होतं रे," ती म्हणाली. "तुझं नाव ऐकलं आणि तू इथे, म्हणून बरं वाटलं. एका पोरासाठी जीव थंड झाला, तेव्हा दुसरा आत होता." मग तिचा हात थांबला. "ऊठ."

"पाठ उठू देत नाही आई."

"रांगत ये. मी तुला रांगताना पाहिलेलं आहे."

हजेरीवाला पुन्हा आला तो ओरडतच. पाइप मोकळा झाला होता. आतून आवाज आला होता. सगळे जिवंत होते. बिल्ल्याच्या क्रमांकाने एकेकाने ओ दिली होती, थोरल्याच्या क्रमांकालाही. पाणी, खाणं पाठवत होते. दरड खणायला किती वेळ लागेल सांगता येत नव्हतं. वरून अजून माती झरत होती. आतल्यांचा धीर टिकावा म्हणून इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं, की प्रत्येक घरातल्या एकाने येऊन पाइपाशी बोलावं.

"पुरुष माणूस पाठवा फक्त," तो म्हणाला. "भोंगा बायकांना आत सोडणार नाही."

बोगद्यावरच्या गड्यांची ती जुनी समजूत होती. दोन्ही बाजूंनी खणत आणलेला बोगदा मधे मिळेपर्यंत आत बाईचं पाऊल पडू नये, डोंगरातल्या देवीला सवत खपत नाही. दरड आल्यावर तर ते जास्तच घट्ट झालं होतं.

"आमच्या घरात पुरुष कुठाय?" धाकटी कडाडली. "एक आत, एक बोकड बघायला. ताई जातील. बघते कोण अडवतो ते."

वाट चढाची होती. धाकटी थोरलीला जवळजवळ ओढतच नेत होती. मागे म्हातारी येत होती, तिच्या मागे आणखी कुणी तरी, पण मागे वळून बघायला कुणाला सवड नव्हती. कुंपणाचं वळण आलं तिथे थोरली थांबली. पुढे बोगद्याचं काळं तोंड दिसत होतं.

"पदराची गाठ सोड," ती म्हणाली. "गोळ्या हातात घे."

"कशाला?"

"आत तुझा नवरा आहे."

धाकटीला ते कळेचना. ती थोरलीकडे अशी बघत राहिली जणू ताईचं डोकं दुःखाने फिरलंय. "ताई, असं काय बोलता? हे तर..."

"बोकड नाही, काही नाही. ह्यांची पाठ धरली. भावजी ह्यांच्या बिल्ल्यावर गेले. बिल्ला मी दिला, माझ्या हाताने. सकाळपासून मी तुझ्या खांद्यावर रडले ते तुझ्याच नवऱ्यासाठी."

धाकटीने तिच्या थोबाडीत मारली. जोरात. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच घाबरून तिचे दोन्ही हात धरले.

"सकाळची गोळी नाही त्यांच्या पोटात," ती पुटपुटली, आणि पळत सुटली.

बोगद्याच्या तोंडाशी माणसं दाटली होती. कडेला ती फळी होती, बिल्ले लटकत होते. भोंगा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"कुणाची कोण तू?"

धाकटीने तोंड उघडलं. पण काय सांगायचं? थोरल्याचा क्रमांक सांगावा तर ती त्याची भावजय. धाकट्याचं नाव सांगावं तर तो आत नाहीच. फळीवर तिच्या नवऱ्याचा खिळाच नव्हता.

"आत आहे त्याची बायको आहे ती," मागून आवाज आला.

गर्दी वळली आणि एकदम मागे सरली. थोरला चढ चढून येत होता. एक हात आईच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात शेळ्या वळायची काठी, कमरेत वाकडा, तोंडावर वेदनेचा घाम. ज्याला आत अडकलेला म्हणून सकाळपासून सगळे हळहळत होते, तो समोरून येत होता. एका म्हाताऱ्या गड्याने तर कानाला हात लावले.

थोरला फळीपाशी गेला, आपला बिल्ला खिळ्यावरून काढला आणि भोंग्यासमोर धरला.

"हा माझा. मी बाहेर आहे. आत माझा भाऊ आहे, त्याला फिट येते, आणि त्याच्याकडे गोळ्या नाहीत. मला काय करायचं ते करा. आधी गोळ्या पाठवा."

भोंग्याचं तोंड लाल झालं. तो जे ओरडला ते खरंच पलीकडच्या वाडीला गेलं असेल. खोटारड्यांनो, माझ्या फळीवर खेळ करता, उद्या मी कुणाला शोधू आणि कुणाला पुरू! थोरला मान खाली घालून ऐकत राहिला. इंजिनिअर साहेब मात्र धाकटीकडे वळले होते.

"गोळी कधी चुकली?"

"सकाळची. चिडले, घाबरले, झोप मोडली, की येते. आता तर अंधार, धूळ आणि भीती."

"आत त्यांच्याशी कोण बोलेल? गोळी घेऊन तोंडात ठेवून गिळेपर्यंत?"

"मीच."

"बाई आत नाही!" भोंगा म्हणाला.

तेव्हा म्हातारी पुढे झाली. ती कधी कुणाशी मोठ्याने बोलायची नाही. "तुमच्या डोंगराला बाई चालत नाही," ती म्हणाली, "आणि बाईचा मुलगा चालतो?"

भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. त्याने आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून धाकटीच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "भिंतीला धरून चल. वर बघू नकोस."

आत गारवा होता आणि पायाखाली चिखल. झऱ्याचं पाणी इथे होतं. भिंतींतून गळत होतं, पायांखालून वाहत होतं. दरड दिव्यांच्या उजेडात ओली चकाकत होती आणि तिच्यातून पाइपाचं तोंड बाहेर आलं होतं. गोळ्या फडक्यात बांधल्या, हवेच्या दाबाने पुढे ढकलल्या. एका गड्याने पाइपात क्रमांकाची हाक देऊन घरची बाई आलीय म्हणून सांगितलं आणि धाकटीला जागा करून दिली.

ती वाकली. आतून आवाज आला, लांबचा, घोगरा.

"वहिनी? वहिनी, मी बरा आहे. हिला सांगू नका हं. घाबरेल ती."

धाकटीने डोळे मिटले.

"वहिनी बाहेर आहेत," ती म्हणाली. "मी आहे."

तिने पाइपाच्या आणखी जवळ तोंड नेलं.

"फडकं आलं का हाताला? त्यात गोळी आहे. आधी ती गिळा. भांडण मग करू, पुष्कळ वेळ आहे."

खुडबुड ऐकू आली. कुणी तरी आत पाणी दे म्हणालं. "गिळली," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सगळ्यांना कळलं?"

"कळलं."

"दादाचं काम गेलं का गं?"

"गेलं असणार. ते स्वतः आले सांगायला."

"पाठ धरलीय ना त्याची?"

"धरलीय. वाकडे आहेत. पण उभे आहेत बाहेर."

गोळीला भिनायला वेळ लागतो हे धाकटीला माहीत होतं. तोवर फिट केव्हाही येऊ शकत होती.

"बोलत राहा," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोलत राहा."

"काय बोलू? काही सुचत नाही. डोळ्यांपुढे ठिपके येतायत."

"शेळ्यांना हाका मारा."

"आता?"

"आता. मारा."

पाइपातून आधी खोकला आला. मग ती हाक, अंगणात रोज ऐकलेली. "ये चांदी." दरडीपाशी फावडी मारणारे गडी एकेक करून थांबले. "ये बुटके. ये कानतुटे." भोंगा पाठीमागे येऊन उभा राहिला होता, त्याने हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. सगळ्या बोगद्यात फक्त पाणी गळत होतं. "ये भांडखोरे."

आणि मग काहीच नाही.

धाकटीने दोन्ही हातांनी पाइप धरला. तो गार होता. मागे कुणी तरी हलकेच देवाचं नाव घेतलं.

"दम घेऊ दे की," आतून आवाज आला. "ती मागे असते ना. ये लंगडे."

धाकटी पाइपाला कपाळ टेकून रडायला लागली. "पुन्हा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

भोंग्याने तोंड पुसलं आणि गड्यांना फावडी हातात घ्यायला सांगितली. मग तो बाहेर आला. थोरला अजून फळीपाशी काठीवर भार देऊन उभा होता, मुठीत बिल्ला धरून. आई आणि बायको त्याच्या दोन बाजूंना होत्या.

"तो परत खिळ्याला लाव," भोंगा म्हणाला.

"पण मी तर बाहेर..."

"तुझ्या घरचा माणूस आत आहे. तो येईपर्यंत खिळा रिकामा ठेवायचा नाही. तुझं काय करायचं ते नंतर."

थोरल्याने बिल्ला खिळ्याला लावला. कमरेतून सरळ होता येईना म्हणून दोनदा सटकला. तिसऱ्यांदा थोरलीने त्याचा हात धरला आणि मग बिल्ला खिळ्यावर बसला.